चोर्ला घाटाच्या पायथ्याचं भाजीपाव हॉटेल: लांबच्या सायकल टूरची तयारी करणाऱ्यांनी इथे का खावं

गोव्यात साखळीहून केरीकडे जाताना रस्त्याला लागूनच एक पत्र्याच्या छपराचं हॉटेल आहे, बाहेर बोर्ड वगैरे काही नाही, दोन बाक, आत चार टेबलं आणि काउंटरवर काचेचं कपाट. डिचोली-साखळी-वाळपईच्या बाजूचे सायकलवाले ओळखतात, पणजीवाल्यांना अजून माहीत नाही म्हणून लिहितोय. आम्ही काही जण पेडण्याहून आरोंद्याला उतरून पुढे किनाऱ्याकिनाऱ्याने मुंबईपर्यंत सायकलने जायची तयारी करतोय, वेंगुर्ला, मालवण, देवगड करत रत्नागिरी, मग जयगडला फेरीने तवसाळ, धोपाव्याहून दाभोळ, वेसवीहून बागमांडला, दिघीहून आगरदांडा असा रस्ता. या सगळ्या तयारीत माझ्या मते जितका उपयोग सायकलचा झाला तितकाच या हॉटेलचा झालाय, आणि हे मी अगदी मनापासून सांगतोय.

कारण असं आहे की लांबच्या टूरसाठी पाय तयार करायचे हे सगळ्यांना कळतं पण पोट तयार करायचं हे कोणी सांगत नाही. शरीरात साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, साधारण 400 ते 500 ग्रॅमच असतं, दोन-तीन तास जोरात चालवली की ते संपत येतं आणि मग पाय एकदम रिकामे होतात, डोकं चालत नाही, साधा चढसुद्धा भिंत वाटतो. त्यामुळे तासाभरापेक्षा जास्त चालवायची असेल तर दर तासाला 30 ते 60 ग्रॅम कार्ब, म्हणजे कर्बोदकं, पोटात जायला हवेत, अडीच तासांच्या वर गेलात तर 90 पर्यंतही चालतात पण तेव्हा ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोन्ही मिळून हवेत, नुसत्या ग्लुकोजचं एवढं पचत नाही. आणि एवढं खायची सवय पोटाला लावावी लागते, पहिल्या दिवशी खाल्लं तर मळमळतं. मी सुरुवातीला एका कंपनीची एनर्जी जेलची, म्हणजे साखरेच्या घट्ट पाकासारखी, पाकिटं आणली होती, महाग तर होतीच पण आपल्या उकाड्यात खिशात गरम होऊन इतकी गोडगट्ट लागायची की दुसरं पाकीट फोडवत नव्हतं. आणि कोकणातल्या रस्त्यावर ती मिळणार कुठे? तिथे पोहे, आंबोळी, घावणे, उसळ-पाव, भात-आमटी हेच मिळणार. मग तयारीपण त्याच खाण्यावर व्हायला हवी ना.

आता हॉटेलचं. सकाळी सहाला उघडतं आणि खरोखर उघडतं, साडेसहाला पातळ भाजी तयार असते. पातळ भाजी हिरव्या वाटाण्याची, खोबऱ्याचं वाटण, तिखट कमी. सुकी भाजी बटाट्याची. पाव पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरूनच आणून टाकतो, कधीकधी आपण पोचतो तेव्हा त्याचा भोंपू ऐकू येतो आणि पाव हाताला गरम लागतो. माझी ऑर्डर ठरलेली, पातळ भाजी, दोन पाव, साखर घालून चहा आणि वरून एक केळं. एका पावात ढोबळमानाने वीस-पंचवीस ग्रॅम कार्ब, केळ्यात पंचवीसच्या आसपास, चहाची साखर वेगळी, म्हणजे घाट चढायच्या आधी भरपूर झालं. काचेच्या कपाटातली मिरची भजी आणि बन्स बघून जीव खालीवर होतो हे मान्य आहे, पण चढायच्या आधी नको, तेलकट पोटात रेंगाळतं. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, उंडो (कडक कवचाचा गोल पाव) किंवा साधा पाव मागा, पोळी (गोव्यातला कोंड्याचा पाव) नको. कोंड्याची पोळी एरवी उत्तम आहे पण त्या कोंड्यामुळे सावकाश पचते, ती रात्रीच्या जेवणाला खा. खाऊन झालं की लगेच रेटायचं नाही, पहिले काही किलोमीटर अगदी हळू, शेजाऱ्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे इतकं हळू.

घाट स्वतः छान आहे, अंजुणे धरण बाजूला ठेवून वर जातो आणि वर चोर्ल्याला साधारण 800 मीटर उंची, त्यामुळे एकसलग चढायची सवय होते. पण खरं सांगायचं तर किनाऱ्याच्या टूरला एवढंच पुरत नाही, तिथे प्रत्येक खाडीला उतरायचं आणि पलीकडे लगेच सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, चढायचं, छोटे पण उभे चढ, दिवसभर तेच. त्यासाठी पणजीत आल्तिनोच्या चढावर वरखाली करा, सामान बांधून करा. रिकाम्या सायकलवर केलेली प्रॅक्टिस आणि मागे दोन बॅगा लटकवून केलेली प्रॅक्टिस यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, ब्रेकपासून सगळं बदलतं. आणि एक दिवस भलंमोठं अंतर मारण्यापेक्षा शनिवार-रविवार लागोपाठ मध्यम अंतर मारा, कारण टूरमध्ये दुसऱ्या दिवशी दुखऱ्या पायांनीच सीटवर बसायचं असतं. आम्ही शनिवारी चोर्ला आणि रविवारी फेरीने दिवाडी-चोडण असं सपाट करतो. दर आठवड्याला थोडं थोडं वाढवायचं, दर चौथ्या आठवड्याला कमी करायचं, शरीर त्या हलक्या आठवड्यातच सावरतं.

या हॉटेलची खरी कमाल मात्र परतताना आहे. घाट उतरून खाली येईपर्यंत दहा-साडेदहा होतात आणि त्या वेळी आत चुलीवर घरच्यांसाठी पेज असते, उकड्या तांदळाची. मेन्यूत नाही, काचेच्या कपाटात नाही, चढायच्या आधी हॉटेल चालवणाऱ्या मावशींना सांगून ठेवावं लागतं. एकदा मी घामाने निथळत आलो आणि चहा मागायला लागलो तर म्हणाल्या, "पुता, पयलीं उदक पी," आणि समोर तांब्या ठेवला, मग स्टीलच्या वाडग्यात पेज, कडेला मिठात मुरलेलं तोर, म्हणजे छोटी कैरी, अख्खं, वरची साल सुरकुतलेली. तोर तोंडात धरून पेज प्यायची. मला तर डोळे मिटावेसे वाटतात तेव्हा. नीट विचार केला तर त्यात पाणी आहे, तांदळाचा स्टार्च आहे आणि तोराचं मीठ आहे, शरीराला तेव्हा हेच हवं असतं, ओआरएस ज्या तत्त्वावर चालतं तेच तत्त्व. तांदळाच्या पिठाचं ओआरएस पण असतंच.

मिठाबद्दल थोडं जास्त बोलतो कारण आपल्याकडे हेच दुर्लक्षित होतं. गोव्याच्या दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता गळत राहतो, म्हणून अंग थंडही होत नाही आणि पाणी-मीठ जास्त जातं. नुसतं साधं पाणी पीत राहिलात तर रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि ते खरंच धोक्याचं आहे. निघायच्या आधी आणि परत आल्यावर वजन करा, एक किलो कमी झालं तर साधारण एक लिटर घाम जास्तीचा गेला, मध्ये जे प्यायलात ते त्यात मिळवा, म्हणजे तासाला आपला किती जातो ते कळतं. माणसामाणसात खूप फरक असतो, मित्राचं बघून पिऊ नका. या हॉटेलात कोकम सरबत मिळतं, सोलांचं, पाकीटवालं नाही, त्यात मीठ जास्त घाला सांगितलं की घालतात आणि बाटलीतही भरून देतात. मी एक बाटली तीच नेतो आणि दुसरी साध्या पाण्याची.

कमी काय आहे तेही सांगतो. प्रोटीन. भाजी-पाव-पेज यात ते फारसं नाही आणि रोज लांब चालवणाऱ्याला वजनाच्या किलोमागे दिवसाला सव्वा ते दीड ग्रॅम तरी लागतं. उकडलेली अंडी असतात पण लवकर संपतात, एका अंड्यात सहा ग्रॅम, दोन-तीन आधीच बाजूला काढून ठेवायला सांगा. कधीकधी अळसांद्यांचं तोणाक, म्हणजे चवळीची रस्सा उसळ, असतं, त्या दिवशी दुसरं काही बघूच नका, दोन वाट्या घ्या. टॉयलेट साधं आहे, स्वच्छ आहे पण पाणी बादलीनं घ्यावं लागतं. सायकली बाहेर भिंतीला टेकवायच्या, समोरच बसता येतं म्हणून काळजी नाही. पावसाळ्यात रविवारी धबधब्यांना जाणाऱ्या गाड्यांची इतकी गर्दी होते की बसायला जागा मिळत नाही, आठच्या आत उरका. पावसात घाटात धुकं असतं, मागचा लाल लाईट चालू ठेवा.

दर अगदी माफक, पोटभर खाऊन शंभराच्या आत. मावशी आणि त्यांचा मुलगा दोघंही न कंटाळता वागतात, घामाघूम दहा माणसं एकदम आली तरी तोंड वाकडं नाही, हे मला फार मोठं वाटतं कारण आम्हाला एका चकचकीत कॅफेत सायकलचे कपडे बघून बाहेरच्या खुर्चीवर बसवलं होतं.

सोमवारी बंद असतं. यूपीआय चालतं पण तिथे रेंज जाते-येते, सुट्टे पैसे जवळ ठेवा. आणि पेज हवी असेल तर चढायच्या आधी सांगून जा, किती जण आहात तेही सांगा, तांदूळ त्या हिशोबाने घालतात.