जुनी जपानी, नव्वदची कोरियन की अलीकडची इंडोनेशियन: बडोद्यात सेकंडहँड इलेक्ट्रिक गिटार घेणाऱ्यांसाठी

बडोद्यात सेकंडहँड इलेक्ट्रिक गिटार शोधायला लागलात की ती साधारण तीन रस्त्यांनी समोर येते. एक अमेरिकेतल्या नाहीतर लंडनच्या मामा-काकांनी कधीतरी बॅगेतून आणलेली आणि मग दांडिया बाजारातल्या कुणाच्या तरी माळ्यावर पडून राहिलेली, दुसरी गरब्याच्या ऑर्केस्ट्रात नऊच्या नऊ रात्री घासलेली आणि दसऱ्यानंतर विकायला निघालेली, आणि तिसरी शिकायचं म्हणून हौसेने घेतलेली पण नोकरी लागल्यावर सुटलेली. तिन्ही मालक एकच वाक्य म्हणतात, "इम्पोर्टेड आहे." अहो पण कुठली? जपानची पण इम्पोर्टेड, कोरियाची पण, चीनची पण इम्पोर्टेडच की.

घाई असेल त्यांच्यासाठी माझं मत आधीच सांगतो. वाजवायलाच हवी असेल, स्टेजवर न्यायची असेल, तर गेल्या दहाबारा वर्षांतली इंडोनेशियन घ्या. नेक, म्हणजे गिटारची मान, उघडून बघायची तयारी असेल आणि मालकही उघडू देत असेल तर ऐंशीच्या दशकातली जपानी. कोरियन फक्त स्वस्तात मिळाली तर. आणि फेंडर या अमेरिकन कंपनीची मेक्सिकोत बनलेली गिटार मेक्सिकन म्हणूनच विकत असतील तर बिनधास्त, "अमेरिकन आहे" म्हणून विकत असतील तर थांबा.

आता सिरियल नंबर. लोक काय करतात, नंबर बघतात, फोनवर टाकतात, वर्ष आलं की झालं. पण नंबर हा फक्त दावा असतो, साक्षीदार म्हणजे लाकूड आणि पार्ट. स्क्वायरचं, म्हणजे फेंडरच्याच स्वस्त ब्रँडचं, उदाहरण घ्या, ई अक्षराने सुरू होणारा नंबर. अमेरिकन फेंडरवर ई म्हणजे ऐंशीचं दशक, पुढचा आकडा वर्षाचा, ई४ म्हणजे १९८४ च्या आसपास. जपानमधल्या फुजीजेन कारखान्यातल्या स्क्वायर आणि फेंडरवर ई आणि सहा आकडे म्हणजे १९८४ ते १९८७. आणि कोरियात बनलेल्या स्क्वायरवरही ई नेच सुरू होणारे नंबर आहेत! म्हणजे एकच अक्षर, तीन देश, आणि भावात दुपटी-तिपटीचा फरक. इथे नंबर काहीच ठरवत नाही, हेडस्टॉकवर, म्हणजे खुंट्या असतात त्या टोकावर, किंवा नेकच्या टोकाला मागे बारीक अक्षरात मेड इन काय लिहिलंय ते ठरवतं, आणि ते नेमकं घासून गेलेलं असलं तर ते "नेमकं" का घासलं गेलं हा प्रश्न विचारायचा.

जपानी फेंडरमध्ये अजून एक गंमत आहे. फेंडर जपान सुरू झालं १९८२ ला, पहिले नंबर जेव्ही ने सुरू होणारे, १९८२ ते ८४, त्यांना आज सगळ्यात जास्त मागणी. मग एसक्यू, मग ई, ए वगैरे. पण साधारण १९९७ नंतर लिहिणं बदललं, मेड इन जपानच्या जागी क्राफ्टेड इन जपान आलं, आणि जुनी अक्षरं परत वापरली. त्यामुळे ए आणि सहा आकडे हा नंबर १९८५-८६ चा पण असू शकतो आणि १९९७-९८ चा पण. मेड लिहिलंय की क्राफ्टेड, या एका शब्दावर बारा वर्षं इकडची तिकडे होतात. विकणारा फोटो पाठवताना नंबर मोठा करून पाठवतो आणि हा शब्द बाहेर ठेवतो, मुद्दाम असेलच असं नाही, पण तुम्ही मागून घ्या.

आयबानेझ या जपानी ब्रँडवाल्यांना तर अजून मजा. जुनी पद्धत होती, पहिलं अक्षर महिना, ए म्हणजे जानेवारी ते एल म्हणजे डिसेंबर, पुढचे दोन आकडे वर्ष, मग चार आकडी क्रमांक. साधारण १९७५ च्या शेवटापासून ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत हे चाललं. १९८७ पासून एफ म्हणजे फुजीजेन आणि पुढचा एकच आकडा वर्षाचा. आता बघा, एफ ८३५०१२ असा नंबर समोर आला. जुन्या पद्धतीने तो जून १९८३, नव्या पद्धतीने फुजीजेन १९८८. दोन्ही बरोबर! आकडे पण तेवढेच. सोडवायचं कसं, तर मॉडेल बघून. आरजी सिरीज आलीच १९८७ ला आणि एज ट्रेमोलो, म्हणजे दांडीने सूर हलवायची यंत्रणा, १९८६ ला, तेव्हा समोर टोकदार हेडस्टॉकची एज लावलेली आरजी असेल तर ती १९८३ ची असणं शक्यच नाही. १९९७ पासून एफच्या पुढे दोन आकडी वर्ष आलं, तिथून भानगड मिटली. इंडोनेशियन आयबानेझवर आय, मग वर्षाचे दोन आकडे, मग महिन्याचे दोन, मग क्रमांक. आय ०५०९ म्हणजे सप्टेंबर २००५, शाळेतल्या पोरालाही वाचता येईल. नव्वदच्या कोरियन मालावर सी म्हणजे कॉर्ट कारखाना, एस म्हणजे सामिक, पुढे एक आकडा वर्षाचा, दशक आपलं आपण ओळखायचं.

लॉसूट, म्हणजे कोर्टातला दावा, हा शब्द ऐकला की मी तर भाव करणंच थांबवतो. गिब्सन या अमेरिकन गिटार कंपनीच्या मालक नॉर्लिनने १९७७ मध्ये आयबानेझच्या अमेरिकेतल्या वितरकावर, एल्गरवर, हेडस्टॉकच्या आकारावरून दावा लावला आणि ते कोर्टाबाहेर मिटलं, बस एवढंच. तो दावा बाकीच्या कंपन्यांवर नव्हता, पण आज सत्तरच्या दशकातली कुठलीही जपानी नक्कल लॉसूट म्हणून चढ्या भावाने फिरते.

आता साक्षीदार. आधी सगळ्या तारा पूर्ण सैल, मग मागचे चार स्क्रू, आणि स्क्रूड्रायव्हर खाचेत नीट बसणाराच घ्यायचा. आपल्याकडे दोन-चार पावसाळे काढलेल्या गिटारचे स्क्रू गंजून जाम झालेले असतात, सैल पेचकसाने फिरवलं की खाच गेलीच समजा. नेक बाहेर आला की त्याच्या खालच्या टोकावर शिक्का किंवा पेन्सिलीची खूण आहे का बघा. ती तारीख नेक बनल्याची असते, गिटार जोडल्याची नाही, फेंडरच्या पद्धतीत नेक आणि बॉडी वेगवेगळे बनतात आणि नंतर जुळतात, तेव्हा काही महिन्यांचा फरक चालतो, पाच वर्षांचा नाही. मग मागचं प्लास्टिकचं झाकण काढा आणि ट्रेमोलोच्या स्प्रिंग बसतात त्या खोबणीत टॉर्च मारा. कडेला जिथे रंग पातळ असतो तिथे आडवे आडवे थर दिसले, एक फिकट एक गडद, तर ते प्लायवुड. ऐंशीच्या शेवटच्या आणि नव्वदच्या सुरुवातीच्या कोरियन स्क्वायरमध्ये हे सर्रास मिळतं. प्लायवुड म्हणजे वाईटच आवाज असं मी म्हणणार नाही, ऑर्केस्ट्रात डिस्टॉर्शन लावून दांडियाची धून वाजवताना कुणाला कळतंय, पण भाव त्या हिशोबाने द्यायचा. आणि सगळ्या कोरियन तशा नसतात हेही खरं, १९९६ ते ९८ मधली स्क्वायर प्रो टोन मिळाली तर मी इंडोनेशियन सोडून ती घेईन.

पॉटचं, म्हणजे आवाज कमी-जास्त करणाऱ्या नॉबखालच्या पार्टचं, बोलायचं तर अमेरिकन पॉटच्या पाठीवर आकडे असतात, १३७ ने सुरू झाला तर सीटीएस कंपनी, ३०४ असेल तर स्टॅकपोल, पुढचे दोन आकडे वर्ष, त्यापुढचे दोन आठवडा. १३७८४१२ म्हणजे सीटीएस, १९८४, बारावा आठवडा. आशियाई गिटारींमध्ये बहुतेक छोटे मेट्रिक पॉट असतात आणि असा आकडा नसतो. म्हणजे कोणी अमेरिकन म्हणून दाखवतोय आणि आत छोटे बिनआकड्याचे पॉट आहेत तर त्याला सोल्डर कधी आणि कुणी केलं ते विचारा. आणि पॉटवरची तारीख एवढंच सांगते की गिटार त्याआधीची नाही, जन्मतारीख नाही सांगत.

फिंगरबोर्डचं, म्हणजे नेकवर तारा दाबतो त्या पट्टीचं, लाकूड पण बोलतं. २ जानेवारी २०१७ पासून शिसवीच्या, म्हणजे रोजवुडच्या, सगळ्या डालबर्जिया जातींवर आंतरराष्ट्रीय व्यापाराची कागदपत्रं सक्तीची झाली, मग कंपन्या पाऊ फेरो, लॉरेल अशा लाकडांकडे वळल्या, आणि तयार वाद्यांना सूट मिळाली ती २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये. लॉरेलचा बोर्ड असलेली स्क्वायर कोणी "दहा-पंधरा वर्षं जुनी" म्हणून देत असेल तर हसून निघून यायचं.

मग घ्यायची कुठली. जपानी आणि इंडोनेशियन शेजारी ठेवल्या तर जपानीचं फिनिशिंग, फ्रेटच्या, म्हणजे नेकवरच्या धातूच्या पट्ट्यांच्या, कडा, नेक हातात कसा बसतो, यात फरक जाणवतो, नाकारण्यात अर्थ नाही. पण बडोद्यात राहणाऱ्याने एक गोष्ट बघावी जी कुणी सांगत नाही. जुन्या मॉडेलच्या धर्तीवर बनलेल्या बऱ्याच जपानी स्ट्रॅटमध्ये, म्हणजे फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर मॉडेलमध्ये, ट्रसरॉड, म्हणजे नेकचा वाक सरळ करायची आतली सळई, फिरवायची जागा नेकच्या खालच्या टोकाला असते, म्हणजे नेक थोडा वाकला की तारा काढा, नेक काढा, पाव फेरा द्या, परत बसवा, परत बघा. आपल्याकडे मे महिन्यात कोरडी भट्टी आणि जुलैत भिंतींना ओल, नेक वर्षातून दोनदा हलणारच. इंडोनेशियनमध्ये हेडस्टॉकच्या टोकाला ॲलन की घालून दोन मिनिटांत काम होतं. रोज हातात घेणाऱ्याला हे फार महत्त्वाचं आहे, कपाटात ठेवणाऱ्याला नाही. आणि हो, कुठलीही जुनी असो, पैसे द्यायच्या आधी ट्रसरॉड फिरतो का ते बघाच, अडकलेला असेल तर तारीख कितीही जुनी असली तरी काय उपयोग.

पार्टचं पण तसंच. आशियाई स्ट्रॅटच्या ब्रिजला, म्हणजे बॉडीवर तारा टेकतात त्या पार्टला, स्क्रूंमधलं अंतर बऱ्याचदा ५२.५ मिलिमीटर असतं, अमेरिकन व्हिंटेजला ५६, ट्रेमोलो आर्मच्या आट्या वेगळ्या, नॉबचे दाते वेगळे. मोजल्याशिवाय ऑनलाइन मागवलं तर ते घरात पडून राहणार. रावपुऱ्यात सगळं मिळतं असं नाही, तारा, जॅक, सोल्डर, इथवर ठीक, पुढचं मुंबई नाहीतर कुरियर.

"कोरियन चांगली, इंडोनेशियन हलकी" हे जे जुने वाजवणारे दादा लोक सांगतात त्यात फारसा दम नाही, कारण कोरियाचीच कॉर्ट कंपनी नव्वदच्या मध्यात सुराबायात गेली, सामिकनेही इंडोनेशियात कारखाना काढला, आणि तिथल्याच हातून आजच्या बऱ्याच आयबानेझ आणि स्क्वायर येतात. स्क्वायरवर आयसीएस आणि पुढे दोन आकडे असले की कॉर्ट इंडोनेशिया आणि वर्ष, आयसीएस १८ म्हणजे २०१८. तारीख काढायला इतकी सोपी दुसरी नाही. यामाहाची पॅसिफिका ११२ पण याच रांगेत धरा, माझ्या मते पहिली इलेक्ट्रिक घेणाऱ्याला तिच्याइतकी बिनकटकटीची कमीच, फक्त जुनं विकताना जपानी नावाचा भाव मिळणार नाही.

मेक्सिकनचं सोपं आहे, नंबर एमने सुरू झाला की एन्सेनाडाचा कारखाना. एमएन म्हणजे नव्वदचं दशक, एमझेड म्हणजे २००० चं, एमएक्स १२ म्हणजे २०१२. न्यू जर्सीहून आलेली फेंडर म्हणजे अमेरिकेत बनलेली असं नसतं, तिथल्या दुकानातही मेक्सिकनच जास्त परवडते. एपिफोनला, म्हणजे गिब्सनच्याच स्वस्त ब्रँडला, चार आकडे वर्ष-महिना, मग कारखाना, १५ चीनमधलं चिंगदाओ, २३ सामिक इंडोनेशिया.

गिब्सन मात्र कोणी अर्ध्या भावात देत असेल तर आधी हेडस्टॉकवरचं ट्रसरॉडचं झाकण बघा, खऱ्या गिब्सनला दोन स्क्रू, चिनी नकलांना बऱ्याचदा तीन. तीन दिसले की चहा पिऊन घरी या. आणि फुजीजेनची म्हणून कोणी जपानी दाखवत असेल पण नेक उघडू देत नसेल, "फॅक्टरी सेटिंग बिघडेल भाई" वगैरे म्हणत असेल, तर इंडोनेशियनचा भाव सांगा आणि तो काय म्हणतो ते बघा.