गोठ्यासाठी घेतलेला फॉगर-पंखा सेट, अख्खा उन्हाळा वापरून

आमच्या सहा एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन, विदेशी जातीच्या) गायी, संगमनेर तालुक्यात, गोठा पत्र्याचा. मार्चअखेर हा सेट बसवला: दोन मोठे पंखे, वरून फॉगरची लाईन (धुक्यासारखं बारीक पाणी उडवणारे नोझल), प्रेशरची मोटर आणि टायमर. कंपनीचं नाव लिहीत नाही, असे सेट आता बरेच जण विकतात आणि घोळ सगळीकडे तोच असणार.

घेतला का ते आधी सांगतो. गेल्या एप्रिलमध्ये गायी दुपारी बसायच्याच नाहीत. मला वाटायचं उभी आहे म्हणजे ठणठणीत आहे, आजारी जनावर बसून राहतं असंच लहानपणापासून ऐकलेलं. डॉक्टर आले तेव्हा म्हणाले, अरे ती उकाड्यानं उभी आहे, उभं राहिलं की अंगाला सगळीकडून हवा लागते म्हणून. दुभती गाय दिवसातले १२-१४ तास बसली पाहिजे, तेव्हाच रवंथ निवांत होतो, कासेकडे रक्त चांगलं जातं, खुरांवरचा भार उतरतो. त्यांनीच कुशीकडे बघून श्वास मोजायला शिकवलं, मिनिटाला ६० च्या वर गेले की त्रास सुरू झाला समजायचं. आमच्या मोठ्या गायीचे ९० भरले, तोंड उघडं आणि लाळेची तार पार जमिनीपर्यंत. गायीला माणसासारखा घाम येत नाही, त्यात एचएफ थंड मुलखातली, २५ अंशाच्या वर तिला जड जायला लागतं आणि आपल्याकडे पारा ४० ला. दोन उन्हाळे आपण त्यांना असंच उभं ठेवलं हे कळल्यावर मला रात्री झोप लागली नाही.

आता सेटबद्दल. पंखे एक नंबर, पाचपैकी पाच. वारा जोरात, आवाज सहन होण्यासारखा, गायी दोन दिवसात सरावल्या. फॉगरला मात्र दोनच देईन. धुकं इतकं बारीक की केसांच्या टोकांवर दव बसावं तसं बसतं, आतली कातडी कोरडीच राहते. एप्रिलच्या कोरड्या हवेत गोठा गार वाटायचा, ते खरं. पण मे संपता संपता ढग यायला लागले, वारा पडला, आणि फॉगर चालू केला की गायी जास्तच धापा टाकायला लागल्या. डॉक्टरांनी टीएचआयचा हिशोब करून दाखवला, म्हणजे तापमान आणि हवेतला ओलावा मिळून येणारा आकडा. तो ७२ च्या पुढे गेला की दुभत्या गायीला ताण. ४० अंश आणि १५ टक्के ओलावा असेल तर ८२ येतो, आणि ३२ अंशच पण ७० टक्के ओलावा असेल तर ८४! म्हणजे आपल्याला वाटतं आज जरा कमी ऊन आहे आणि गायीचे हाल उलट जास्त, आणि बंदिस्त गोठ्यात आपण वरून अजून वाफ भरतोय.

मग नोझल बदलून मोठ्या थेंबाचे लावले. एक मिनिट पाणी, पाच मिनिटं नुसता पंखा. पाठ कातडीपर्यंत भिजली पाहिजे आणि वाऱ्यानं वाळली पाहिजे, वाळताना ते पाणी अंगातली उष्णता घेऊन जातं. फक्त ओघळ कासेवर येऊ देऊ नका, खाली चिखल आणि सड ओले राहिले की कासदाह (कासेचा सुजेचा आजार) ठरलेला. सेटमधला टायमर १५ मिनिटांच्या खाली लागतच नव्हता, तो काढून मिनिटावर चालणारा वेगळा आणावा लागला. फिल्टर दिलेलाच नाही आणि आमचं बोअरचं पाणी क्षाराचं, आठ दिवसात निम्मे नोझल बंद, लिंबूसत्वाच्या पाण्यात भिजवून साफ करत बसायचं. सर्व्हिसवाल्याला तीनदा फोन केला, एकदाही आला नाही.

आणि दुपारी लाईट गेली की सेट काय करणार. म्हणून पत्र्यावर उसाचं पाचट टाकलं, पाण्याची टाकी सावलीत घेतली (एकेक गाय उन्हाळ्यात १०० लिटरच्या आसपास सहज पिते), आणि मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा) जास्त करून पहाटे आणि रात्री टाकायला लागलो, कारण चारा पचतानाही पोटात उष्णता तयार होते, भर दुपारी गव्हाण भरून ठेवली तरी त्या तोंड लावत नाहीत.

दूध वाढलं असं म्हणणार नाही, पण गेल्या वर्षीसारखं गळालं नाही. मागच्या उन्हाळ्यात एक गाय मुका माज करून (माजावर येऊनही लक्षणं न दाखवता) दोन महिने फसवत राहिली होती, यंदा तिचा माज वेळेत कळला आणि ती गाभण राहिली. अडीच वाजता गोठ्यात गेलो तर पाच गायी बसलेल्या, डोळे अर्धे मिटून रवंथ चाललेला.

सहावी कोपऱ्यातली. तिच्यापर्यंत वारा पोचत नाही, दुपारी श्वास अजून ७० च्या वर. तोवर तिची जागा रोज बदलतोय, दूधाचा पगार झाला की तिसरा पंखा घेणार आहे, नुसता पंखा, सेट नाही.