टूसूट: अंतराळातील जोडप्यासाठी शिवलेल्या पोशाखाचे परीक्षण

अमेरिकी लेखिका आणि अभिनेत्री वॅना बोन्टा यांनी कल्पिलेला ‘टूसूट’ हा पोशाख दुकानात विकत मिळत नाही, त्यामुळे हे परीक्षण त्याची प्रसिद्ध झालेली रचना, विमानातील चाचणी आणि अंतराळवासाविषयीची माहिती यांवर बेतलेले आहे. वस्तू हाताळल्याशिवाय तिच्याविषयी मत देणे एरवी मला पटत नाही. परंतु अंतराळातील शारीरिक जवळीक या ज्या विषयात वर्षानुवर्षे नुसत्या कंड्या पिकत आल्या, त्यात निदान शिंप्याकडे नेता येईल अशी एक वस्तू कोणीतरी पुढे ठेवली, म्हणून हा अपवाद.

पोशाख ज्या अडचणीसाठी आहे, ती खरी आहे. वजनरहित अवस्थेत एकाने दुसऱ्याला हलकासा जरी रेटा दिला, तरी न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे दोघेही विरुद्ध दिशांना सरकू लागतात आणि भिंत किंवा दांडी हाताशी येईपर्यंत थांबत नाहीत. जमिनीवर शरीराचे वजन आपल्या नकळत जे काम करते, ते तिथे हातांनाच करावे लागते, आणि हात त्यातच गुंतले तर आलिंगनाला उरतात कुठे? टूसूटमध्ये दोन्ही पोशाखांच्या पुढच्या बाजू वेल्क्रो आणि चेनने एकमेकांना जोडता येतात, आतील पट्ट्यांनी जवळीक कमीजास्त करता येते आणि जोडलेले दोघे एखाद्या स्थिर पृष्ठभागाला अडकवून घेता येतात. यांतील शेवटची सोय मला सर्वांत मोलाची वाटते, कारण दोघांना नुसते एकमेकांना बांधले, तर तरंगणारे एक मोठे गाठोडे तयार होते, एवढेच.

2008 मध्ये हिस्ट्री वाहिनीच्या एका माहितीपटासाठी बोन्टा आणि त्यांचे पती यांनी वजनरहित अवस्था निर्माण करणाऱ्या विमानात हा पोशाख घालून पाहिला आणि एकमेकांना जोडून चुंबन घेण्यापर्यंत मजल गाठली. अशा उड्डाणात विमान कमानीसारखा मार्ग घेते, तेव्हा वजनरहित अवस्था एका खेपेला जेमतेम वीस-पंचवीस सेकंद टिकते आणि लगेच शरीर जवळजवळ दुप्पट जड होते. एवढ्या वेळात वेल्क्रो धरतो की नाही ते कळते. घामाचे काय होते ते कळत नाही.

या पोशाखाला एक प्रतिस्पर्धीही आहे, पण तो कधी अस्तित्वातच नव्हता. 1989 मध्ये इंटरनेटवर एक कथित नासा अहवाल फिरू लागला. एसटीएस-75 या अंतराळ-शटलच्या मोहिमेत समागमाच्या निरनिराळ्या पद्धती, त्यांत लवचीक पट्टा आणि फुगवता येणारा बोगदा, तपासल्याचे त्यात म्हटले होते. ती मोहीम प्रत्यक्षात 1996 मध्ये, फक्त पुरुषांना घेऊन गेली. तरीही 2000 साली फ्रेंच विज्ञानलेखक पिएर कोलेर यांनी तो अहवाल खरा मानून पुस्तकात घेतला आणि नासाला इन्कार करावा लागला. अमेरिकी अंतराळवीर मार्क ली आणि जॅन डेव्हिस यांची गोष्टही तशीच. सप्टेंबर 1992 मध्ये एंडेव्हर या शटलमधून अंतराळात एकत्र गेलेले ते पहिले विवाहित जोडपे, त्यामुळे चर्चा होणारच. पण मोहिमेत दोन पाळ्या होत्या, हे दोघे वेगवेगळ्या पाळ्यांत होते, आणि एकाची झोपेची वेळ ही दुसऱ्याची कामाची वेळ होती.

माझी मुख्य तक्रार उष्णतेची आहे. अंतराळयानात गरम हवा वर जात नाही, त्यामुळे पंख्याचा झोत नसेल तर शरीराची ऊब आणि उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड भोवतीच साचून राहतात. घामही ओघळत नाही. तो कातडीला चिकटून त्याचा थर जाड होत जातो आणि हालचाल झाली की त्याचे थेंब सुटून तरंगू लागतात. अशा ठिकाणी दोन तापलेली शरीरे एकाच कापडी आवरणात बंद करणे म्हणजे आजार रेड्याला आणि डाग पखालीला. शिवाय पहिले काही दिवस बहुतेकांना मळमळते आणि रक्त छाती-डोक्याकडे सरकल्याने चेहरा सुजतो, नाक चोंदते. त्यावर शिंप्याकडे इलाज नाही, हे मान्य.

जागेचा प्रश्नही पोशाख सोडवत नाही. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या ‘हार्मनी’ या भागातील झोपण्याचा कप्पा टेलिफोन बूथएवढा असतो. त्यात भिंतीला बांधलेली एकाची झोळी, लॅपटॉप आणि सतत घरघरणारा पंखा असतो. दोन टूसूट जोडून आत शिरणारे जोडपे दाराशीच अडेल. उलट त्याच कप्प्यात भिंतीला पक्की केलेली दोघांची रुंद झोळी आणि पायांसाठी दोन पट्टे दिले, तर वेल्क्रोचे निम्मे काम होऊन जाईल आणि हवाही खेळती राहील.

बोन्टा यांचे 2014 मध्ये निधन झाले. कोणी पुढे हा पोशाख शिवायला घेतलाच, तर पाठीला जाळीचे कापड, घाम टिपणारे आणि काढून धुता येणारे अस्तर व श्वासाच्या बाजूला झोत वळवणारी छोटी नळी एवढे तरी असावे. अर्थात स्थानकावर कपडे धुण्याचीच सोय नाही, तेव्हा ते अस्तर एकदा वापरून टाकून देण्याजोगे करावे लागेल. आजच्या स्वरूपात मी पाचापैकी दोन गुण देतो, आणि ते दोन्ही पृष्ठभागाला अडकवण्याच्या सोयीचे आहेत.