कोहा: अनुदान आटलेल्या कोकणातल्या कॉलेज ग्रंथालयाला कितपत पेलतं?

रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगडातल्या अनुदानित कॉलेजांच्या ग्रंथालयांत चित्र बरंचसं सारखं दिसतं. वेतनेतर अनुदानाचा भरवसा नाही. परिचर निवृत्त झाला की त्याची जागा तशीच राहते, शिकवायला तासिका तत्त्वावरची मंडळी, आणि नॅकच्या मूल्यांकनाची तारीख जवळ आली की प्राचार्यांचा पहिला प्रश्न, "संगणकीकरण कुठवर आलं?" मग कुणीतरी सुचवतं, कोहा ही ग्रंथालयाची संगणकप्रणाली टाका, फुकट आहे.

कोहा टाकावंच, असं आमचंही मत आहे. पण फुकट म्हणून टाकलं तर सहा महिन्यांत कंटाळा येतो. त्याची खरी किंमत माणसाच्या तासांत मोजावी लागते, आणि मराठी पुस्तकं जास्त असतील तर ते तास वाढतात. मोबदल्यात काय मिळतं? तुमच्या ग्रंथालयाची सगळी माहिती तुमच्या कपाटातल्या डिस्कवर राहते आणि उद्या कोहा सोडायचं ठरलं तर ती मार्क २१ या ग्रंथालयांच्या प्रमाणित स्वरूपात जशीच्या तशी बाहेर काढता येते. ज्या प्रणालीचं वार्षिक नूतनीकरण थकलं की स्वतःच्याच नोंदी उघडत नाहीत, ती अनुदान कधी येईल ते ठाऊक नसलेल्या संस्थेने घेऊ नये.

कोहा हा माओरी शब्द आहे, अर्थ भेट. घेणाऱ्याने पुढे काही द्यावं, असा त्यातला संकेत. न्यूझीलंडच्या होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टची जुनी प्रणाली २००० साल उजाडताच निकामी होणार होती. त्यांनी १९९९मध्ये काटिपो कम्युनिकेशन्सकडून नवी लिहून घेतली, जानेवारी २०००मध्ये चालू केली आणि जीपीएल परवान्याखाली सर्वांना खुली केली. पुढे एका अमेरिकन कंपनीने न्यूझीलंडमध्ये 'कोहा' या नावावरच व्यापारचिन्हाचा हक्क सांगितला. डिसेंबर २०१३मध्ये निकाल ट्रस्टच्या बाजूने लागला. नैतिक तंत्रज्ञान म्हणजे काय, याचं इतकं स्वच्छ उदाहरण ग्रंथालयाच्या क्षेत्रात दुसरं नाही.

इन्फ्लिबनेटचं सोल आणि एनआयसीचं ई-ग्रंथालय या सरकारी संस्थांच्या प्रणालीही पर्याय आहेत. सोलवर सगळं नीट चालू असेल आणि ते हाताळणारा माणूस अजून नोकरीत असेल, तर केवळ कोहाचं नाव ऐकून घाईने उडी मारू नका. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी मात्र कोहाच पाहावं.

यंत्रसामग्रीला फार लागत नाही. लॅबमधून काढलेला आय-५ डेस्कटॉप, ८ जीबी रॅम, नवी २५६ जीबी एसएसडी एवढ्यावर वीस-पंचवीस हजार पुस्तकांचं ग्रंथालय आरामात चालतं. जुनी हार्ड डिस्क वापरू नका, बचत तिथे करायची नाही. यंत्रावर डेबियन ही खुली कार्यप्रणाली टाका, कोहाचं रिपॉझिटरी (जिथून ते उतरवलं जातं तो साठा) जोडा, मग मारियाडीबी हा डेटाबेस आणि कोहा-कॉमन बसवा. कोहा-साइट्स फाइलमध्ये पोर्ट ठरवा: वाचकांच्या ओपॅकसाठी (पुस्तकं शोधण्याच्या पानासाठी) ८०, कर्मचाऱ्यांसाठी ८०८०. त्यानंतर कोहा-क्रिएटने ग्रंथालय तयार करा आणि उरलेली मांडणी ब्राउझरमधून पुरी करा. कोहाची नवी आवृत्ती दर मे आणि नोव्हेंबरमध्ये येते, आकड्यावरूनच साल-महिना कळतो. लहान ग्रंथालयाने दर वेळी नव्याच्या मागे न लागता २४.११सारखी दीर्घ मुदतीची आवृत्ती धरावी.

किनाऱ्यावर सर्व्हर कुठे ठेवता यालाही महत्त्व आहे. खाऱ्या वाऱ्याच्या खिडकीपाशी ठेवलेल्या यंत्रात रॅमच्या पट्टीवर आणि जोडण्यांवर थर चढतो. यंत्र अचानक चालूच होत नाही, बीप वाजतात. पट्टी काढून खोडरबराने तिचे सोनेरी दात हलके पुसले की बहुतेक वेळा काम होतं, पण जागा बदलल्याशिवाय दुखणं जात नाही. दुसरी गोष्ट अर्थिंगची. जांभ्याच्या कातळावर अर्थिंग मुळातच कच्चं लागतं आणि एप्रिल-मेमध्ये खड्डा कोरडा पडला की नावापुरतंच उरतं. वळवाच्या विजा नेमक्या तेव्हाच चमकतात. कोळसा-मीठ भरलेल्या खड्ड्यात उन्हाळाभर आठवड्यातून दोनदा पाणी घाला आणि मे सुरू होण्यापूर्वी वायरमनकडून मोजणी करून घ्या. यूपीएस यूएसबीने सर्व्हरला जोडता येणारा असावा, म्हणजे बॅटरी संपत आली की यंत्र आपोआप नीट बंद होतं.

ते नीट बंद झालं नाही तर काय होतं? पुस्तक समोरच्या फळीवर आहे, नोंद डेटाबेसमध्ये आहे, पण ओपॅकवर शोधलं की "काही सापडलं नाही". कर्मचारी घाबरून नोंद पुन्हा करतात आणि दुबार नोंदींचा ढीग लागतो. नोंद हरवलेली नसते, झेब्रा या कोहाच्या शोधयंत्राची सूची बिघडलेली असते. कोहा-रीबिल्ड-झेब्रा ही आज्ञा 'एफ' पर्यायासह चालवली की सूची मुळापासून नव्याने बांधली जाते. ही एक ओळ कागदावर लिहून सर्व्हरच्या वर चिकटवून ठेवा.

आता सर्वांत जास्त घात करणारी गोष्ट. कोहा रोज स्वतःहून बॅकअप घेतं, असं सगळे सांगतात आणि ते खरंही आहे. पण हे काम डेबियनच्या दैनिक कामांच्या यादीतून होतं आणि त्याची ठरलेली वेळ सकाळी ६ वाजून २५ मिनिटांची. आपल्याकडे शिपाई संध्याकाळी निघताना मेन स्विच पाडतो, पावसाळ्यात तर पाडायलाच हवा. सकाळी सहा पंचवीसला यंत्र बंद, म्हणजे बॅकअप नाही, दंडाची आकारणी नाही, मुदत संपल्याच्या सूचना नाहीत. पडद्यावर तक्रारीचं अक्षर उमटत नाही. डिस्क जाते तेव्हा कळतं की शेवटचा बॅकअप बसवणारा माणूस चाचणी घेऊन गेला त्या दिवशीचा आहे. उपाय पाच मिनिटांचा: ॲनाक्रॉन बसवा. मग राहिलेली कामं यंत्र चालू झाल्यावर थोड्या वेळाने आपोआप होतात. शिवाय मूळ मांडणीत बॅकअप त्याच डिस्कवर पडतो आणि फक्त दोन दिवसांचा ठेवला जातो. दिवस वाढवून चौदा करा आणि रोजची फाइल दुसऱ्या यंत्रावर जाईल अशी सोय करा.

मराठी शोध हा या परीक्षणातला सर्वांत मोठा उणे गुण, आणि दुरुस्त होणारा आहे. झेब्रा मूळ मांडणीत ज्या अक्षरतक्त्याने शब्द तोडते तो रोमन लिपीसाठीचा आहे. देवनागरीसाठी डिफॉल्ट सूची-फाइलमध्ये शब्दांचा अक्षरतक्ता काढून तिथे आयसीयू (सगळ्या लिप्या ओळखणारी) साखळी लावावी लागते, कोहाच्या सिस्टिम प्रेफरन्समध्ये (मांडणीच्या पानावर) आयसीयूची नोंद चालू करावी लागते आणि सगळी सूची पुन्हा बांधावी लागते. हे पुस्तकं भरण्यापूर्वी करा.

तरीही एक घोळ उरतो. "खाऱ्या" हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र संगणकात दोन तऱ्हांनी साठवला जातो: नुक्त्याच्या ऱला हलन्त देऊन, किंवा साध्या रला हलन्त आणि पुढे न दिसणारं जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही अगदी एकसारखे, पण यंत्राच्या लेखी दोन वेगळे शब्द. "ॲ"चंही तेच: कुणाच्या कळफलकावर ते एकच अक्षर असतं, कुणाच्या अ आणि वर चंद्र अशी दोन. नोंद करणाऱ्याचा कळफलक एक, विद्यार्थ्याच्या मोबाइलचा दुसरा, आणि पुस्तक सापडत नाही. आयसीयूच्या शब्द-फाइलमध्ये बदलाचे दोन नियम घातले की दोन्ही रूपं एकाच रूपात आणली जातात. नियम शोधणाऱ्याच्या शब्दालाही लागू होतात, त्यामुळे कुणी कसंही टाइप केलं तरी चालतं. कोहा बसवून देणाऱ्याला "मराठी चालेल का?" असं विचारू नका, चालेल म्हणूनच उत्तर येईल. त्याच्यासमोर हा शब्द दोन्ही तऱ्हांनी टाइप करून शोधून दाखवायला सांगा.

जुनी यादी एक्सेलमध्ये जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असेल तर रूपांतर करावं लागतं. त्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर टाइप होत असे. कच्चा रूपांतरक तो क्रम तसाच ठेवतो: कविताची "किवता" होते, धर्मचा "धमर्". लिब्रे-ऑफिसच्या कॅल्कमध्ये रेग्युलर एक्स्प्रेशन लावून शब्दाच्या शेवटी येणारा "र्" शोधा, बऱ्याच चुका तिथेच सापडतात. मग मार्कएडिट या साधनाने त्या तक्त्याचं मार्क बनवा. प्रतींची माहिती ९५२ क्रमांकाच्या क्षेत्रात जाते: 'ए' आणि 'बी'मध्ये ग्रंथालयाचं सांकेतिक नाव, 'पी'मध्ये बारकोड, 'ओ'मध्ये बोधांक (फळीवरची जागा सांगणारा क्रमांक), 'वाय'मध्ये पुस्तकाचा प्रकार. 'वाय' रिकामं राहिलं की नोंद आत जाते पण देवघेव अडते. दाखल क्रमांकच बारकोड म्हणून वापरावा, नवी मालिका काढू नये. सगळी फाइल एकदम चढवण्याआधी पन्नास नोंदींची चाचणी घ्या.

इंग्रजी पुस्तकांच्या तयार नोंदी झेड ३९.५० या ग्रंथालयांतल्या नोंदी मागवण्याच्या पद्धतीने लायब्ररी ऑफ काँग्रेसकडून घेता येतात. मराठी पुस्तकं तिथे मिळाली तरी शीर्षक रोमनमध्ये येतं. म्हणजे ८९१.४६ या मराठी साहित्याच्या फळीवरचं जवळपास सगळं हाताने करायचं. तासाला दहापेक्षा जास्त नोंदी नीट होत नाहीत, असं धरा. दहा हजार मराठी पुस्तकं असतील तर हजार तास, रोजचे सहा तास दिले तरी १६७ कामाचे दिवस. अंदाजपत्रकात हा आकडा आधी लिहा. 'कमवा आणि शिका'तली दोन मुलं मिळाली तर काम उरकतं, पण तपासणी ग्रंथपालाने स्वतःच करायची.

मराठी इंटरफेसचा संच मिळतो, पण तो पूर्ण भाषांतरित नाही, पडद्यावर मिसळ दिसते.

वाचकाच्या खासगीपणाबाबत कोहाची बाजू भक्कम आहे, मात्र ती मुद्दाम चालू करावी लागते. मूळ मांडणीत कुणी काय वाचलं याचा इतिहास साठत राहतो. लहान गावात सगळे एकमेकांना ओळखतात, तिथे एखाद्या मुलीने कायद्याचं किंवा आरोग्याचं कोणतं पुस्तक नेलं हे तीन वर्षांनी कुणालाही दिसायचं कारण नाही. आधी एक 'अनामिक वाचक' खातं तयार करा आणि त्याचा क्रमांक संबंधित प्रेफरन्समध्ये भरा. तो न भरता इतिहास पुसणं चालू केलं तर पुस्तक परत घेताना अडचण येते, आणि बरीच ग्रंथालयं इथेच हात टेकतात. शेवटच्या वाचकाचं नाव तेवढं राहू द्या, पान फाटलेलं निघालं तर विचारता येतं. आणि प्रत्येक कर्मचाऱ्याला सुपर-लायब्रेरियनचे अधिकार वाटू नका. काउंटरवरच्या माणसाला देवघेव पुरते.

कोहातली दिनदर्शिका दर जूनमध्ये भरा. गणपतीची आणि शिमग्याची सुट्टी नोंदवायची राहिली तर मुंबईहून आलेल्या घरच्या माणसांत गुंतलेल्या पोरांना बंद ग्रंथालयाचा दंड लागतो. अतिवृष्टीची सुट्टी जिल्हाधिकाऱ्यांकडून ऐनवेळी जाहीर होते, ती त्याच दिवशी टाका. आधीच ठरलेली परतीची तारीख त्याने पुढे सरकत नाही, पण दंडाच्या प्रेफरन्समध्ये बंद दिवस वगळण्याचा पर्याय निवडलेला असेल तर त्या दिवसाचा दंड लागत नाही.

बारकोडची चिठ्ठी इंकजेटवर छापू नका, जुलैच्या दमट हवेत शाई पसरते आणि स्कॅनर वाचत नाही. लेझरवर छापा, शीर्षकपानाच्या वरच्या भागात लावा, वर साधा सेलोटेप नको, तो पिवळा पडून पान धरतो. कोहाचा लेबल बनवणारा भाग देवनागरी नीट जोडत नाही, म्हणून चिठ्ठीवर फक्त आकडे ठेवा.

सर्व्हर आपल्याकडे की बाहेर भाड्याने? ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, त्यानंतर मंडणगड-दापोली भागात वीज आणि फोन दोन्ही बराच काळ नव्हते. अशा वेळी बाहेरच्या सर्व्हरवरचा डेटा सुरक्षित राहतो, पण एरवी नेट गेलं की देवघेव थांबते. कॉलेजातल्या सर्व्हरला नेट लागत नाही. आमचा कौल आतल्या सर्व्हरला, बाहेर फक्त बॅकअपची प्रत. वीज नसेल त्या दिवशी वहीत बारकोड, सभासद क्रमांक, तारीख लिहा. परतीची मागची तारीख टाकायची सोय प्रेफरन्समधून चालू करता येते, त्यामुळे नंतर भरताना वाचकाला खोटा दंड लागत नाही. भाड्यानेच घ्यायचं असेल तर दर आठवड्याला पूर्ण डेटाबेसची फाइल मिळेल, हे वाक्य करारात लिहून घ्या. कोहा खुलं असलं तरी पासवर्ड फक्त पुरवठादाराकडे असेल तर तुम्ही बांधलेलेच.

सुरुवात करायला मे महिना बरा. पुस्तकं परत आलेली असतात, स्टॉक व्हेरिफिकेशन करायचंच असतं, एकेक पुस्तक हातात येतं तेव्हाच चिठ्ठी लागते आणि कसर लागलेलं बाजूला निघतं. बॅकअपची बाहेरची डिस्क ग्रंथालयात ठेवू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात निळ्या सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकून ती प्राचार्यांच्या कपाटात ठेवा. जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला डबा उघडून पाहा. जेल गुलाबी झालं असेल तर पुड्या बदला, आणि डबा उघडलाच आहे तर त्या डिस्कवरचा बॅकअप दुसऱ्या यंत्रावर एकदा परत उघडून पाहा.