मोटरहोमचं वर्ष: आत कमी, गाडीखाली जास्त

गाडी घेतली तेव्हा मी लिहिलं होतं की बिल्डरने, म्हणजे कंपनीच्या चॅसीवर (इंजिन-चाकांच्या सांगाड्यावर) घराची बॉडी बांधून देणाऱ्याने, काम नेटकं केलंय. वर्ष होत आलं, आता तो शेरा अर्धा मागे घेतो. अर्धाच, कारण लाकूडकाम खरंच झकास आहे. कोकणातल्या खड्ड्यांतही एक कप्पा आपणहून उघडला नाही. चॅसी, लांबी, किती जण झोपतात हे घेणाऱ्यांना पाठ असतं, त्यात वेळ घालवत नाही. मला बोलायचंय ते मागच्या अ‍ॅक्सलखाली पडणाऱ्या डागाबद्दल.

उंचीमुळे गाडी मुलुंडच्या आमच्या सोसायटीच्या स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या पार्किंगमध्ये, शिरत नाही. कंपाउंडला लागून पेव्हर ब्लॉकवर उभी असते आणि त्या जागेचे मी वेगळे पैसे भरतो. सहलीहून परतलो की दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या चाकांच्या मधोमध ताटाएवढा काळपट डाग, वर सप्तरंगी तवंग. दापोलीला गवतात, काशीदला वाळूत उभी असताना काही दिसायचा प्रश्नच नव्हता. इथे पेव्हर ब्लॉकवर सगळं दिसतं, आणि सगळ्यांना दिसतं. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो आला, खाली एका काकूंचा प्रश्न: "हे त्यांच्या संडासाचं तर नाही ना?" गाडीतल्या कॅसेट टॉयलेटचं (काढून रिकामी करायच्या टाकीच्या संडासाचं) केमिकल निळं असतं, या डागात निळं काही नाही, असं मी सविस्तर लिहिलं. कोणी वाचलं असेल असं वाटत नाही. साफसफाईचा खर्च मात्र माझ्या मेंटेनन्सच्या बिलात आला.

खाली सरपटत जाऊन टॉर्च मारला तर थेंब लटकत होता तो बरोबर डिफरन्शियलच्या, म्हणजे मागच्या चाकांना फिरवणाऱ्या गिअरच्या डब्याच्या, ड्रेन प्लगवर (ऑइल काढायच्या बुचावर). आता यावर कोणीही काय म्हणेल? सीएसटी रोडवरचा एक मेकॅनिक तेच म्हणाला: "साब, सील गया है." पिनियनचं (इंजिनाकडून येणाऱ्या दांड्यापाशी ऑइल अडवणारं) सील, चाकांकडची दोन्ही बाजूंची हब सील, ऑइल, मजुरी, असा साडेआठ हजारांचा आकडा त्याने खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहून दिला. चॅसी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नेली तर ते म्हणाले, बॉडी बाहेरची आहे, वरून काय काय बसवलंय ठाऊक नाही, बिल्डरकडे जा. बिल्डर म्हणाला, अ‍ॅक्सल आमचा नाही, वर्कशॉपला जा. मोटरहोम घेणाऱ्याने हे आधीच धरून चालावं: वॉरंटीचे कागद दोन असतात आणि गळती नेमकी दोघांच्या मध्ये होते.

साडेआठ हजार माझ्या खिशातून सहजी निघत नाहीत. म्हणून आधी ऑइलची लेव्हल बघायला लावली. डिफरन्शियलच्या बाजूला लेव्हलचा प्लग असतो; तो सोडला की ऑइल भोकाच्या काठापर्यंत असलं पाहिजे. काठोकाठ होतं. कित्येक महिने गळणारं हौसिंग, म्हणजे डिफरन्शियलचा डबा, काठोकाठ कसं? मेकॅनिक म्हणाला, "थोडा थोडा जाता है." मी गाडी घेऊन घरी आलो.

मग जे गळतंय ते मुळात आहे काय, इथून सुरुवात केली. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास असतो आणि बोटावरून ते धुतल्याशिवाय जात नाही. याला वास नव्हता. इंजिन थंड ठेवणारं कूलंट रंगीत असतं, चिकट लागतं, आणि त्याच्या टाकीतली पातळी उतरते, उतरली नव्हती. डिझेल नाकाला लगेच कळतं. धूर स्वच्छ करायला लागणारं युरियाचं द्रावण, म्हणजे डीईएफ, वाळलं की पांढरे स्फटिक मागे राहतात. तसंही काही नाही. ब्रेक ऑइलची धास्ती खरी, कारण ते असेल तर गाडी जागची हलवायची नाही. पण तिथलीही पातळी खुणेवर होती. शेवटी एका रात्री प्लगखाली पेपर पसरून ठेवला. तेलाचा डाग वड्याच्या कागदासारखा पारदर्शक होतो. माझा पेपर सकाळी मधोमध सुरकुतलेला होता, कडेला काळी रेघ आणि तिच्याबाहेर जेमतेम तेलाची झाक. म्हणजे हे पाणी. मळकं, तेलकट, पण पाणीच.

इथे माझं मत पहिल्यांदा बदललं. चॅसीवाला सुटला, बिल्डर अडकला.

पाणी म्हटल्यावर सगळ्यांनी एसीवर बोट ठेवलं. मुंबईच्या दमट हवेत छतावरचा एसी भरपूर पाणी काढतो, मान्य. पण ते छतावरून कडेने ओघळतं, आणि एसी न लावलेल्या सहलीनंतरही डाग होताच. सांडपाण्याच्या टाकीत जिलेबीचा केशरी रंग घातला. (घरातला होता, विकत नाही आणला.) डागात केशरी छटा आली नाही. पिण्याच्या पाण्याची टाकी भरून, पंप चालू ठेवून, सगळे नळ बंद केले. बारा व्होल्टचा पंप प्रेशर उतरला की आपोआप घुरघुरतो; पाइप कुठे गळत असेल तर थोड्या थोड्या वेळाने वाजतो. हा ढिम्म. त्यात पाऊस सुरू झाला, आणि जून ते सप्टेंबर मुंबईत गाडीखाली ओलं का आहे हे शोधणाऱ्याला लोक वेड्यात काढतील. शोध बंद.

ऑक्टोबरमध्ये जमीन सुकली आणि डाग हजर.

वॉशिंग सेंटरला चॅसी धुऊन घेतली, घरी येऊन हौसिंग फडक्याने कोरडं केलं आणि त्यावर घामोळ्यांची पावडर भुरभुरली. संध्याकाळी सहलीची तेलकट भांडी गाडीतच धुऊन घ्यायची म्हणून बायकोने आतला गीझर लावला. मी पुन्हा खाली गेलो. पिनियनच्या सीलपाशी पावडर कोरडी ठणठणीत, दोन्ही हबपाशीही तशीच. पण हौसिंगच्या माथ्यावरून एक बोटभर रुंद ओघळ पावडर कापत खाली उतरला होता, बरोबर ड्रेन प्लगपर्यंत. तिथेच बघत पडून राहिलो तेव्हा वर फ्लोअरमधून बाहेर आलेल्या पितळी नळीच्या टोकावर थेंब जमला आणि पडला. मग दुसरा.

ती नळी गीझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हची, जास्तीचा दाब सोडणाऱ्या झडपेची. पाणी २५ अंशांवरून ७० अंशांवर नेलं की साधारण २ टक्के फुगतं. गीझर १० लिटरचा, म्हणजे जवळजवळ २०० मिली, एक पेला. घरच्या गीझरमध्ये हे फुगलेलं पाणी मागे पाइपात सरकू शकतं. इथे थंड पाण्याच्या तोंडाशी नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) आहे, त्यामुळे परतीची वाट बंद. दाब वाढला की सेफ्टी व्हॉल्व्ह तेवढं पाणी बाहेर सोडतो. बिघाड नाहीच, त्याचं कामच ते. डिफरन्शियलला ब्रीदर, म्हणजे हवा जायचं छोटं तोंड, असतो, त्यातून ऑइलची बारीक वाफ येऊन माथ्यावर धूळ चिकटते. तिच्यावरून उतरलेलं पाणी खाली पोचेपर्यंत तेलाचं सोंग घेतं. पंपाच्या परीक्षेत हे सापडलं नाही कारण तेव्हा गीझर बंद होता. आणि पहाटे कोणी नळ न उघडता पंप क्षणभर घुर्र का करतो, हे कोडंही सुटलं: गीझर निवतो, आतलं पाणी आकसतं, तेवढी भर पंप घालतो. आम्ही कॅम्पिंगला तो आवाज ऐकून उंदीर समजत होतो.

बिल्डरने करायला हवं होतं ते इतकंच की त्या नळीला एक पाइप जोडून तो अ‍ॅक्सलच्या बाजूने मोकळा खाली सोडायचा. एवढ्या लाखांच्या गाडीत एवढा पाइप नाही. फोन केला तर त्यांच्या माणसाचा तोडगा: "सर, तिथे डमी मारून देतो, थेंबसुद्धा येणार नाही." म्हणजे नळीला बूच. हे वाचणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून सांगतो, सेफ्टी व्हॉल्व्हचं तोंड कधीही, कोणालाही बंद करू देऊ नका. पाणी तापलं की गीझर बंद करणारा आतला थर्मोस्टॅट अडकला तर ती टाकी फुटते, आणि तिच्यावर आमचा बेड आहे. या एका वाक्यासाठी मी बिल्डरच्या रेटिंगमधला अजून एक तारा कापला.

नागदेवी स्ट्रीटला जाऊन उष्णता सोसणारा रबरी होज आणि दोन क्लॅम्प आणले, चहासकट दोनशेच्या आत. तोंड मोकळं, उताराकडे, चाकाच्या मागे. आता पाणी स्वच्छ पडतं आणि तासाभरात वाळतं. व्हॉल्व्हची खटकी अधूनमधून उचलून बघतो; मुंबईचं तलावाचं पाणी मऊ आहे, पण सोलापूरकडे बोअरचं भरलं की क्षार बसून व्हॉल्व्ह कायमचा ठिबकायला लागू शकतो.

फुगलेलं पाणी सामावून घेणारी छोटी एक्स्पान्शन टाकी मिळते, तीही बसवून घे असं दोघांनी सुचवलं. किंमत विचारली. पेलाभर पाण्यासाठी तेवढे पैसे मी घालणार नाही. बिल्डरकडे होजची पावती आणि सोसायटीच्या सफाईचं बिल दोन्ही पाठवलंय. निळ्या खुणा आल्यात, उत्तर नाही.