५८,५०० डॉलरला घेतलेली ‘एसएस’ निघाली साधी मालिबू

आधी आकडे सांगतो. २,००० डॉलर बयाणा, ५६,५०० डॉलर बँकेतून वायर, शिवाय गाडी ट्रेलरवर घालून मिशिगनला आणायचे १,१५०. १९७०ची शेव्हरोले शेव्हेल एसएस ४५४ (एसएस म्हणजे ‘सुपर स्पोर्ट’, ताकदवान प्रकार; ४५४ हा इंजिनाचा घन इंचातला आकार), तीही ‘मॅचिंग नंबर्स’, म्हणजे कारखान्यातून जे इंजिन घेऊन निघाली तेच अजून गाडीत आहे, असं सांगून मला विकली. प्रत्यक्षात ती साधी मालिबू, म्हणजे शेव्हेलचाच नेहमीचा प्रकार आहे. कुठल्यातरी दुसऱ्या गाडीचं ४५४ इंजिन आणून बसवलंय, बॉनेटवर पट्टे मारलेत आणि एसएसचे बिल्ले डकवलेत. ४०० डॉलर घेऊन ज्याने मूल्यांकन केलं, त्याने कागदावर किंमत लिहिली ३१,०००. सरळसरळ २७,५०० डॉलर गेले.

गाडी सुचवली ती गणपतीत ओळख झालेल्या आपल्याच एका माणसाने. मला दादा म्हणतो. “दादा, इतकी स्वच्छ गाडी परत हाताला लागणार नाही. माणूस माझ्या खात्रीतला आहे.” या खात्रीचे त्याला विकणाऱ्याकडून १,५०० डॉलर मिळाले, हे मला फार उशिरा कळलं. जाब विचारला तर म्हणाला, “त्यात काय दादा, सगळेच घेतात.” तुम्हाला कोणी असा ओळखीचा माणूस घेऊन गेला, तर गाडी बघण्याआधी त्याला तोंडावर विचारा, तुला यात किती सुटणार?

आता ती जागा, जी आठवली की अजून झोप उडते. बॉनेट उघडलं होतं. शेव्हरोलेच्या मोठ्या व्ही-८ इंजिनावर पुढच्या बाजूला, ड्रायव्हरच्या शेजारी बसणाऱ्याच्या अंगाला, सिलिंडर हेडच्या खाली एक सपाट पट्टी असते. गाडीच्या क्रमांकाचा (नंबर प्लेटचा नव्हे, कारखान्याने दिलेल्या व्हीआयएनचा) शेवटचा भाग तिच्यावर ठोकलेला असतो. तो डॅशबोर्डवरच्या क्रमांकाशी जुळला, तर इंजिन मूळचं. मी मोबाइलचा टॉर्च मारला, आकडे जुळले. पण कारखान्यात तो पृष्ठभाग कापताना त्यावर बारीक, सरळ, एकमेकांना समांतर रेघा उठतात. इथे त्या नव्हत्या. होते ते गोल गोल ओरखडे, ग्राइंडर फिरवल्यासारखे. मला ते दिसले. मी विचारलंही. विकणारा डोळ्याला डोळा भिडवून म्हणाला, “नंबर तुम्हाला नीट वाचता यावा म्हणून रंग घासून काढलाय.”

उत्तर पटण्यासारखं होतं. पन्नास वर्षांच्या इंजिनावर रंगाचे थर असतातच, आणि इंजिन खोलून बांधताना कधी कधी ती पट्टी मशीनवर घासली जाते हेही खरं आहे. मी आयुष्यभर ब्रेकच्या डिझाइनमध्ये काम केलंय, जुन्या इंजिनांच्या शिक्क्यांवर नाही. समोरचा ठरवून, घासून, नवे आकडे ठोकून बसला असेल, हे गृहीत धरून कोण गाडी बघायला जातं? पण तुम्ही आता गृहीत धरूनच जा. रेघा नाहीत, तर मॅचिंग नंबर्सचा एक डॉलरही द्यायचा नाही.

खोटं उघडं पडलं ते गाडी लिफ्टवर चढवल्यावर. फायरवॉलवरच्या (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या भिंतीवरच्या) पत्र्याच्या टॅगवर ०३सी आहे, म्हणजे गाडी मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात बनली. मेकॅनिकने हातातला आरसा धरून ब्लॉकवरची, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव भागावरची, ओतकामाची तारीख वाचली: एच १९ ०. एच म्हणजे आठवा महिना. १९ ऑगस्ट १९७०ला ओतलेला ब्लॉक मार्चमध्ये बनलेल्या गाडीत कसा असेल? ही तारीख ओतकामातच उठलेली असते, ठोकलेल्या आकड्यांसारखी सहज बदलता येत नाही. आरसा आणि टॉर्च घेऊनच जा, आणि विकणारा गाडी वर चढवू देत नसेल तर तिथूनच परत फिरा.

“क्रमांकावरून एसएस कळली नाही का?” असं मला तीनचार जणांनी शहाणपणाने विचारलं. नाही कळत. १९६६ ते १९६८च्या एसएस ३९६चा क्रमांक १३८ने सुरू होतो. १९६९पासून एसएस हे फक्त ऑप्शन पॅकेज झालं, त्यामुळे १९७०ची दोन दारांची हार्डटॉप मालिबू व्ही-८ साधी असो वा एसएस, सुरुवात १३६३७च. पाँटियाकची जुनी कागदपत्रं पैसे भरून मिळतात, फोर्डच्या १९६७पासूनच्या गाड्यांचा मार्टी रिपोर्ट, म्हणजे कंपनीच्या नोंदींवरून काढलेला अहवाल, मिळतो. अमेरिकेत विकल्या गेलेल्या त्या काळच्या शेव्हरोलेची अशी सोय नाही. उरते ती बिल्ड शीट, म्हणजे गाडीत काय काय बसवायचं याची कारखान्यातली यादी, पेट्रोलच्या टाकीवर नाहीतर सीटखाली सापडणारी. मला तिची झेरॉक्स दाखवली. मूळ कागद “बँकेच्या लॉकरमध्ये” होता. झेरॉक्सवर विश्वास ठेवू नका, नव्या छापलेल्या बिल्ड शीट विकत मिळतात.

पत्र्याचंही तेच. मागच्या चाकांच्या मागे खाली फडक्यात गुंडाळलेलं चुंबक चिकटतच नाही, इतकी लांबी (पुट्टी) भरलीय. डिकीचा तळ काळ्या अंडरकोटिंगखाली ठिगळं लावून जोडलाय. दुरुस्तीचं कोटेशन ९,८०० डॉलर.

आणि सरकारी खाती! आमच्या इथले पोलिस म्हणाले, विकणारा दुसऱ्या राज्यातला, तिकडे तक्रार करा. तिकडचे पोलिस म्हणाले, हा दिवाणी मामला, वकील करा. गाड्यांच्या नोंदणी खात्यातल्या बाईंनी टायटल, म्हणजे मालकीचा कागद, बघितलं, डॅशबोर्डचा क्रमांक जुळतोय म्हणाल्या, मग तुमची तक्रार नेमकी काय? अहो, इंजिनावर खोटे आकडे ठोकलेत, हीच तक्रार! ग्राहक संरक्षणवाल्यांकडून छापील पत्र आलं की खरेदीपत्रावर ‘आहे त्या स्थितीत’ असं लिहिलंय. आहे ती स्थितीच खोटी सांगितली, त्याचं काय, याला उत्तर नाही. बँक म्हणते वायर तुम्हीच केलीत. इंटरनेटवरच्या फसवणुकीचं सरकारी पोर्टल तक्रारीचा नंबर देतं, पुढे कोणी फोन उचलत नाही. वकिलाने ऐकून घ्यायचे ३५० घेतले आणि केस उभी करायला ५,००० मागतोय. कोणाचं पाकीट मारलं तर पोलिस निदान पंचनामा करतात, इथे इतकी रक्कम गेली आणि मला साधा रिपोर्टही लिहून मिळत नाही.

म्हणून वायर करण्याआधी ३००-४०० डॉलर मोजून त्याच जातीच्या गाड्यांचा जाणकार स्वतः शोधा, विकणाऱ्याने सुचवलेला नको. जाहिरातीतला ‘मॅचिंग नंबर्स’ हा शब्द खरेदीपत्रावर त्याच्या सहीने लिहून घ्या. माझ्या खरेदीपत्रावर तो नव्हता, आणि मागितला असता तर सौदा तिथेच मोडला असता, हे आता मला पक्कं ठाऊक आहे.

त्याच विकणाऱ्याने आता १९६९ची कॅमेरो एसएस विकायला लावलीय, पुन्हा ‘मॅचिंग नंबर्स’. त्या वर्षीच्या प्रत्येक व्ही-८ कॅमेरो कूपेचा क्रमांक १२४३७नेच सुरू होतो, एसएस त्यातही दिसत नाही. ओहायोत राहणाऱ्या कोणाला ‘दादा, स्वच्छ गाडी आहे’ असा फोन आला असेल, तर बयाणा देण्याआधी मला मेसेज करा. माझ्या गाडीच्या त्या पट्टीचे फोटो पाठवतो, शेजारी ठेवून बघा.