मुलांची पहिली हरणाची रायफल: सिंगल शॉट की बोल्ट?

गणपतीच्या जेवणाची पंगत उठली की कुणीतरी बाजूला घेऊन हळूच विचारतं, "तुम्ही मुलीला रायफल घेतलीत म्हणे? आमचाही मागे लागलाय. कुठली घ्यावी?" विस्कॉन्सिनमध्ये घर केलं आणि मुलं इथल्या लहान गावातल्या शाळेत घातली की हा प्रश्न आज ना उद्या येतोच. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी नऊ दिवसांचा बंदुकीचा हंगाम उघडतो आणि त्या आठवड्यात वर्गात दुसरा विषय नसतो. हळूच विचारण्याचं कारणही समजतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर वाढलेल्या आपल्या पिढीने शिकार पाहिलेलीच नाही. कोकणात ज्यांच्या घरी शेतराखणीची परवान्याची बंदूक होती, त्यांनीही ती बहुतेक वेळा भिंतीवरच पाहिली.

मुलांना न्यावं की नेऊ नये, या वादात मी पडत नाही. न्यायचं ठरलंय असं धरून लिहितो. कायद्याचंही थोडक्यात सांगतो. इथे २०१७ पासून किमान वयाची अट नाही, पण बारा वर्षांखालच्या मुलासोबत जाणकार मोठा माणूस हाताच्या अंतरावर हवा. रायफल विकत घ्यायची ती मोठ्याच्या नावावर. ग्रीन कार्ड नसून एच-१बीवर असाल, तर शिकारीचा वैध परवाना आधी आणि दुकान नंतर. त्यातही एकदा वकिलाला विचारलेलं बरं.

दुकानात मुलांसाठी म्हणून दोन प्रकार समोर ठेवले जातात. एक, नळी मोडून एकच काडतूस घालायची, बाहेर घोडा (काडतुसावर आघात करणारा हातोडा) असलेली सिंगल शॉट. दुसरी, बाजूची मूठ वर उचलून मागेपुढे ओढत काडतूस चढवायची, आखूड दस्त्याची बोल्ट अॅक्शन. जुन्या वळणाचा दुकानदार असेल तर तो .३०-३० काडतुसाची, चापाखालची तरफ ओढून भरायची लिव्हर अॅक्शनही काढून दाखवतो. ती दिसायला सगळ्यात देखणी, पण घोडा तिचाही बाहेरच, म्हणून तिच्याबद्दलचं माझं म्हणणं सिंगल शॉटच्या हिशेबातच येऊन जाईल.

आम्ही दोन्ही वापरल्या. सिंगल शॉट शेजारच्या डेअरीवाल्या आजोबांनी आपल्या नातवंडांची म्हणून दिलेली, बोल्ट आम्ही घेतलेली. दोन्ही .२४३ विंचेस्टर या काडतुसाच्या, त्यामुळे तुलना निदान सारख्याला सारखी तरी झाली.

काडतूस कुठलं, हा वाद लवकर उरकतो, कारण त्यावर लोक रात्र रात्र बोलतात आणि हरणाला त्यातलं फारसं काही कळत नाही. .२४३ हे १९५५ चं, ७ एमएम-०८ हे १९८० चं, आणि पांढऱ्या शेपटीच्या हरणाला शंभर यार्डांच्या आत दोन्ही पुरेशी आहेत. .२४३ जागेवर न लागल्यास माफ करत नाही, हे खरं. ७ एमएम-०८ थोडं अधिक माफ करतं, पण धक्काही अधिक देतं. साडेसात पौंडांच्या रायफलीत .२४३ चा धक्का नऊ फूट-पौंडांच्या आसपास येतो, ७ एमएम-०८ चा बारा-तेरा, आणि .३०८ चा पंधरा-सोळा. दहा-अकरा वर्षांच्या किरकोळ अंगाच्या मुलाला मी .२४३ देईन. तेरा-चौदाच्या दांडग्या पोराला ७ एमएम-०८, तेही पहिल्या वर्षी हॉर्नडीची कस्टम लाइट काडतुसं घालून. ती मुद्दाम कमी धक्क्याची बनवलेली असतात. .३०८ ची घाई कशाला, ते मला कळलेलं नाही.

या आकड्यांमागे वजनाची एक गंमत लपलेली आहे. मुलांची रायफल हलकी हवी असं सगळे म्हणतात, आणि सिंगल शॉट खरोखरच हलकी असते. पण गोळी तीच आणि बंदूक हलकी, म्हणजे धक्का वाढला. नऊ फूट-पौंडांची तीच .२४३ साडेपाच पौंडांच्या रायफलीत बाराच्या वर जाते. म्हणजे मुलाच्या हाती .२४३ म्हणून ७ एमएम-०८ चाच धक्का दिला. खांद्यावरून न्यायला पाव मैल हलकी, आणि बार काढताना जड. आमच्या मुलीला आजोबांच्या बंदुकीने नेमाच्या सरावात डोळे मिटायची सवय लागायला लागली होती. ती मोडायला पुन्हा .२२ च्या हलक्या रायफलीवर जावं लागलं. मोठी रायफल आली तरी .२२ घरात असू द्या, असं म्हणूनच सांगतो.

आता सिंगल शॉटच्या बाजूने जे आहे ते आधी सांगून टाकतो, नाहीतर अन्याय होईल. नळी मोडून हातावर टाकली की ती रिकामी आहे हे शंभर पावलांवरून कुणालाही दिसतं. कुंपण ओलांडताना, शिडी चढताना पोराला "उघड" एवढं म्हटलं की पुरे. एकच गोळी आहे म्हटल्यावर मूल घाई करत नाही, नेम धरून थांबायला शिकतं. डावखुऱ्या मुलाला तर ती वरदानच, कारण डाव्या हाताची, तीही आखूड दस्त्याची बोल्ट रायफल शोधणं म्हणजे वणवण. आजोबांच्या घरी तीन पिढ्या त्यावरच शिकल्या आणि सगळ्यांची बोटं जागच्या जागी आहेत.

माझं मन फिरलं ते घोड्यामुळे.

घोडा बाहेर असलेल्या बंदुकीत हरीण आलं की अंगठ्याने घोडा मागे ओढायचा. इथपर्यंत मुलांना जमतं. मुलांना तो खटकन आवाज आवडतोही, हरणाला मात्र आवडत नाही. खरी पंचाईत हरीण निघून गेल्यावर. चढवलेला घोडा उतरवायचा कसा? अंगठा घोड्यावर घट्ट दाबून धरायचा, चाप ओढायचा, घोडा थोडा पुढे सरकला की चापावरचं बोट काढून घ्यायचं, आणि मग अंगठ्याच्या जोरावर तो हळूहळू खाली आणायचा. आत जिवंत काडतूस. त्यावर स्कोप, म्हणजे नेमाची दुर्बीण, बसवलेला असला तर घोडा स्कोपखाली दडतो, म्हणून त्याला बाजूने एक छोटा आडवा खिळा स्क्रूने जोडतात. आता हे सगळं विस्कॉन्सिनच्या नोव्हेंबरमध्ये, जाड हातमोजा घालून किंवा तो काढून गारठलेल्या बोटांनी, अकरा वर्षांच्या अंगठ्याने करायचं. अंगठ्यात जोर कमी पडला की मूल रायफल मांडीवर दाबून जोर काढतं, आणि मग नळीचं तोंड कुठे जातंय याकडे त्याचं लक्ष उरत नाही.

आमच्याकडे झालं ते असं. मचाणावर दोघं दाटीवाटीने बसलेलो. एक मादी आली, मुलीने घोडा चढवला, मादी मेपलच्या आडोशाला गेली आणि तिथेच थांबली. आम्हीही थांबलो. मुलीचे हात थरथरायला लागले. मादी पलीकडच्या पलीकडे निघून गेली. मुलगी कुजबुजली, "बाबा, माझी बोटं लागत नाहीयेत. तू कर." म्हणजे घोडा चढवलेली, भरलेली रायफल तिच्या हातून माझ्या हातात, दीड फुटाच्या फळीवर. आधी नळी उघडून काडतूस काढावं म्हटलं, तर त्या विशिष्ट बंदुकीत घोडा चढलेला असताना नळी उघडत नव्हती. सगळ्याच तशा नसतील, घेताना रिकाम्या बंदुकीवर करून पाहा. काही वावगं झालं नाही. पण ही कसरत हंगामात एकदा नाही, हरीण येऊन परत गेलं की दर वेळी. आणि हरणं येतात त्यापेक्षा परत जातात जास्त.

बोल्टमध्ये हा प्रश्न अंगठ्याच्या एका हालचालीत मिटतो. रुगर अमेरिकन घ्या, दस्त्याच्या मानेवर, अंगठा जिथे टेकतो तिथेच सेफ्टीचा खटका असतो. पुढे ढकलला की तयार, मागे ओढला की बंद. हरीण गेलं, खटका मागे, विषय संपला. हातमोज्यातूनही लागतो, आणि शेजारी बसलेल्या बापाला वरून नजर टाकली तरी दिसतो. खटक्यावर सगळी भिस्त ठेवू नये हे तर शिकारीच्या वर्गात पहिल्याच दिवशी शिकवतात. म्हणून आमच्याकडे नियम असा की हरीण दिसेपर्यंत बोल्टची मूठ वर उघडी. मूठ वर म्हणजे बार उडणार नाही. नळी मोडून ठेवण्याचा जो फायदा, तो बराचसा इथेही मिळतो. आणि एकाच गोळीची शिस्त हवी असेल तर मॅगझिनमध्ये एकच घाला, झाली सिंगल शॉट. घोड्याच्या बंदुकीला मात्र बोल्ट करता येत नाही.

बोल्टचीही कुरकुर आहेच. स्वस्तातल्या रायफलींचा बोल्ट उचलायला कडक असतो. मोठ्या माणसाला ते जाणवत नाही, मुलं मात्र रायफल खांद्यावरून उतरवून दोन्ही हातांनी झटतात. रिकाम्या रायफलीवर दिवाणखान्यात रोज थोडा सराव केला तर महिन्याभरात बोल्ट आणि मूल दोघंही नरमतात. प्लॅस्टिकचा दस्ता जाकिटाला घासला की शांत रानात नको तेवढा आवाज करतो. सुटं मॅगझिन पानांत पडलं तर शोधत बसा. हे सगळं त्रासदायक आहे, पण भीतीदायक यातलं काही नाही. माझ्या मते फरक तेवढाच आहे, आणि तो माझ्यासाठी पुरेसा ठरला.

मापाबद्दल थोडं लांबण लावतो, कारण इथे बोल्टवाले बरेच पुढे आहेत. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतचं अंतर मोठ्यांच्या रायफलीत साडेतेरा इंच किंवा थोडं जास्तच असतं. रुगर अमेरिकनच्या कॉम्पॅक्टमध्ये ते साडेबारा आहे. मॉसबर्गच्या सुपर बँटममध्ये बाराचं तेरा करता येतं, मधे एक पट्टी घालून. दुकानात मूल टी-शर्टात असतं आणि रायफल अगदी मापाची वाटते. नोव्हेंबरात अंगावर थर्मल, स्वेटर, त्यावर भडक नारिंगी जाकीट. अर्धा-पाऊण इंच तिथेच गेला. मग मान पुढे ताणून स्कोपमध्ये बघायचं, आणि बार निघाला की स्कोपची कड भुवईवर. जाकीट घेऊनच दुकानात जा, ऑगस्टमध्ये लोक हसले तरी चालेल. स्कोप कमी पॉवरवर ठेवा. तीनवर हरीण पटकन सापडतं, नऊवर नुसती झाडाची साल दिसते.

आखूड नळीचं कौतुक ऐकाल, त्यातही जपून. अठरा इंची नळी मचाणावर फिरवायला सोयीची, पण आवाज कानाशी येतो. मुलांना खांद्यापेक्षा कानाचीच भीती लवकर बसते, असा माझा तरी अनुभव. म्हणून पहिल्या दिवसापासून इलेक्ट्रॉनिक इअरमफ, आणि तेही पातळ पेल्यांचे. जाड असले तर गाल दस्त्याला टेकायच्या आत इअरमफच टेकतो.

गोळी तांब्याची घ्या असं मी सुचवेन. ८० किंवा ८५ ग्रेन वजनाच्या तांब्याच्या गोळ्या .२४३ मध्ये सहज मिळतात. शिशाची गोळी फुटली की बारीक कण मांसात दूरवर जातात, आणि रविवारी ते मटण काळ्या मसाल्यात घालून खाणार कोण, तर हीच मुलं. थोडी महाग पडते, पण हंगामात लागतात किती?

ओहायोमधल्या मंडळींना हे सगळं जसंच्या तसं लागू नाही. तिथे सरळ भिंतीच्या, म्हणजे तोंडाशी निमुळत्या न होणाऱ्या, काडतुसांची अट आहे, .२४३ चालत नाही. तुमच्यासाठी २०१९ मध्ये आलेलं .३५० लेजंड आहे. धक्का बेताचा, आणि कॉम्पॅक्ट बोल्ट रायफली त्यातही मिळतात. तुमच्याकडच्या दुकानांत त्याच्या सिंगल शॉट भरपूर दिसतील आणि शंभरेक डॉलर वाचतही असतील. मूल डावखुरं असेल, किंवा बंद खोपटात हीटर लावून बसणार असाल, हात उघडे आणि जागा ऐसपैस असेल, तर खुशाल घ्या, मी नाही म्हणणार नाही. फक्त पैसे देण्याआधी रिकामी बंदूक मुलाच्या हातात द्या, हातमोजे घालायला लावा, आणि घोडा चढवून तो सावकाश उतरवायला सांगा. दुकानदारालाही बघू द्या.